डोळ्यातलं कुसळ

मागच्या वर्षी शिमग्याच्या आधी आमच्या सरपंचांचा डोळा सुजला.

गावचे सरपंच नव्हेत हो, त्यांची तब्येत उत्तम आहे. सरपंच हे आमच्या कोंबड्याचं नाव. तीन वर्षांपूर्वी लेकीनं जत्रेतून वीस रुपयांना एक गुलाबी रंगवलेलं पिल्लू आणलं होतं. अशी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्यांसाठीच्या जातीतले नर असतात. ते अंडी देत नाहीत आणि अंगावर मांसही फारसं धरत नाहीत, म्हणून उबवणी केंद्राला नकोसे. ही पिल्लं चार दिवसांत मरतात असा सगळ्यांचाच अनुभव. हे मेलं नाही. गुलाबी रंग गेला, पांढरी पिसं आली, मग लालभडक तुरा आला, आणि एका पहाटे साडेचारला त्यानं अशी बांग दिली की सासूबाई म्हणाल्या, "झाला हा आता वाडीचा सरपंच." तेच नाव पडलं.

तर झालं असं, की एका सोमवारी सरपंच अंगणात आले ते डावा डोळा अर्धवट मिटून. डोळ्याभोवती सूज, कडेला पाणी, आणि दर मिनिटाला मान झटकणं. मी काही पक्ष्यांची जाणकार नाही. लग्न होऊन पुण्याहून इथे कुडाळजवळ आले तेव्हा मला कोंबडी आणि तलंग यातला फरकही ठाऊक नव्हता. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. आता माहीत आहे.) त्यामुळे मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. चार जणांना विचारलं.

शेजारच्या वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला, "अगो, कोंबोच तो. आयतवाराक वडे-सागोती कर." दुसऱ्या घरातून हळद भरायचा सल्ला आला. तिसरीकडून तुरटीचं पाणी. एका काकांनी चुन्याचं बोट पापणीवरून फिरवायला सांगितलं, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका आत्मविश्वास होता की मी क्षणभर डबी शोधायलाही लागले होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कांद्याचा रस निघाला. पुण्याच्या मावशींनी "जनावरांच्या डॉक्टरकडे ने" म्हणून सांगितलं, पण तो डॉक्टर कुठे मिळतो ते त्यांना ठाऊक नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात गेले. तिथल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "किती पक्षी आहेत?" मी म्हटलं, "एक." मग त्यांनी मान वर केली. "एका कोंबड्यासाठी आलात? कापा की."

घरी आले. कपाटात माझेच डोळ्याचे थेंब पडले होते. आदल्या वर्षी डोळे आले होते तेव्हाची अर्धी बाटली. मला बरं वाटलं होतं त्या थेंबांनी. मग त्याला का नाही वाटणार? मंगळवारी दोन वेळा घातले, बुधवारी तीन वेळा. बुधवारी संध्याकाळी लाली उतरली, सूजही कमी झाली. मी खूश! नवऱ्याला म्हणाले, "बघ, उगीच दवाखाने शोधत होतो. घरच्या घरी काम झालं."

शुक्रवारी सकाळी डोळ्याच्या बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा होता.

मग मात्र आम्ही त्याला टोपलीत घालून दीड तासाचा प्रवास केला आणि पक्षी बघणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी सरपंचांना टॉवेलात गुंडाळलं, पापणी उलटी केली आणि चिमट्यानं आतून एक कुसळ काढलं. वाळक्या गवताचं, अर्ध्या इंचाचं कुसळ! फेब्रुवारीत आमच्याकडे सगळ्या सड्यावर हेच गवत असतं, साडीच्या काठाला आणि लेकीच्या मोज्यांना रोज चिकटून घरात येतं. मग त्यांनी एका नारिंगी कागदी पट्टीनं डोळ्यात रंग सोडला आणि निळा दिवा लावला. बुबुळाच्या मधोमध हिरवागार डाग चमकला. ती जखम होती. कुसळानं खरवडलेली आणि चार दिवसांत खोल गेलेली.

मी थेंबांची बाटली दाखवली. त्यांनी लेबल वाचलं. त्यात प्रतिजैविक होतं आणि सोबत स्टेरॉइडही. स्टेरॉइड सूज आणि लाली उतरवतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं डोळा बरा होतोय. पण बुबुळावर जखम असेल तर तेच औषध ती भरून येऊ देत नाही, उलट चिघळवतं. माणसाच्या डोळ्यातही हाच नियम आहे. शिवाय ती बाटली उघडून वर्ष झालेलं. उघडलेले थेंब साधारण महिन्याभरात टाकून द्यायचे असतात, हेही मला तिथेच कळलं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पहिल्या दिवशी नुसता डोळा उघडून धुतला असतात ना..." आणि पुढचं वाक्य त्यांनी बोललंच नाही.

सरपंचांचा डावा डोळा गेला.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण शाळेत पाठ केली होती. माझं पुढचंच. मला कोंबड्याच्या डोळ्यातलं कुसळही दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. मी थेट औषधाकडे गेले. हे सगळं लिहायला बसले आहे ते रडगाणं गायला नाही, भांडायला. आणि भांडण दोघांशी आहे. एक, "कोंबडाच तो" म्हणणाऱ्यांशी. दोन, "घरच्या घरी" म्हणणाऱ्यांशी. दुसऱ्या गटात मी स्वतः होते, हे आधीच कबूल करते.

पहिल्यांदा "कोंबडाच तो".

या वाक्यामागचा हिशेब सरळ आहे. बाजारात कोंबडा अमुक रुपयांना मिळतो, डॉक्टरची फी आणि गाडीचं पेट्रोल त्याहून जास्त, म्हणून उपचार हा मूर्खपणा. मी विचारते, कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब कुणी मांडतं का? रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची बाजारातली किंमत तर शून्य असते. तरी त्याच्या डोळ्याला काही झालं की आपण धावतो, आणि धावायलाच हवं. म्हणजे प्रश्न किमतीचा नाहीच. कुणाचं दुखणं दुखणं मानायचं, एवढाच प्रश्न आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा आहे. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या आहे, माणूस सोडून कोणताही सजीव. त्यात तुरा असलेले वगळून असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं त्याची नीट काळजी घ्यावी, असंही तोच कायदा सांगतो.

आणि ज्याला आपण "कोंबडाच तो" म्हणतो त्या जातीचं आपल्यावर किती देणं आहे, तेही बघा. १८८० च्या सुमाराला लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. जुनाट, कमजोर झालेले जंतू टोचलेल्या कोंबड्या मेल्या नाहीत, आणि पुढे ताजे जंतू टोचले तरी तगल्या. प्रयोगशाळेत रोगजंतू कमजोर करून लस बनवायची वाट तिथून निघाली. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या. त्या पांढऱ्या सडलेल्या तांदळाच्या भातावर होत्या. कोंड्यासकट तांदूळ मिळाल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या, आणि बेरीबेरी हा माणसांचा रोग खाण्यातल्या उणिवेचा आहे हे कळायला सुरुवात झाली. १९११ साली पेटन राउसनं कोंबडीच्या गाठीतूनच दाखवलं की कॅन्सर विषाणूमुळेही होऊ शकतो. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं, राउसला १९६६ साली. कोंबड्यांना काय मिळालं? "कापा की."

आता तुम्ही विचारणार, "तुमच्याकडे चिकन शिजत नाही का?" शिजतं. वडे-सागोती मला मनापासून आवडते, आणि मी उद्यापासून शाकाहारी होणार अशी घोषणा करायला हे लिहीत नाहीये. खाण्यासाठी कोंबडी पाळणाऱ्यानं ती झटक्यात कापली, तर त्यात एक निर्णय असतो आणि त्या जिवाचे हालही थोडक्यात संपतात. माझा राग आहे तो तिसऱ्या प्रकारावर. कापतही नाहीत, बघतही नाहीत. डोळा सुजून बंद होतो, दाणा दिसत नाही, बाकीच्या कोंबड्या टोचतात, आणि ते पाखरू आठ-पंधरा दिवस पडवीच्या कोपऱ्यात वाळत जातं. त्याला आपल्याकडे "बघू, काय होतंय ते" म्हणतात. म्हणायचं बघू, आणि बघायचं मात्र कुणीच नाही!

आता दुसरं भांडण, "घरच्या घरी".

सुजलेला डोळा हा रोग नाही. ते लक्षण आहे. आपल्याला ताप येतो तसं. तापाचं औषध म्हणून कुणी सरसकट मलेरियाची गोळी देईल का? पण कोंबड्याच्या डोळ्याला सरसकट "कुठलंतरी अँटिबायोटिक" दिलं जातं. निदान काय काय असू शकतं ते तरी ऐका.

कुसळ, खडा, काटा किंवा मारामारीत बसलेली चोच असेल तर बहुधा एकच डोळा सुजतो आणि पक्षी एरवी ठीक असतो. कोरायझा नावाची कोंबड्यांची सर्दी असेल तर चेहरा सुजतो, नाक वाहतं आणि त्याला घाण वास येतो. हा रोग खुराड्यात झपाट्यानं पसरतो. मायकोप्लाझ्माचा संसर्ग असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसतो, श्वासात घरघर येते. बरा दिसणारा पक्षी पुढेही रोग बाळगून राहतो आणि अंड्यातून पिल्लांना देऊ शकतो. देवी असतील तर तुऱ्यावर आणि पापण्यांवर खपल्या येतात. हा विषाणू आहे, डासांमार्फतही पसरतो, त्याच्यावर प्रतिजैविक म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे. उपाय म्हणजे आधी लस आणि डासांचा बंदोबस्त. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर पापणीखाली पांढरा, पनीरसारखा थर साठतो. आमच्या कोकणात हे विसरू नये, कारण इथल्या कोंबड्या भातावर आणि कण्यांवर वाढतात, आणि तांदळात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. त्याला औषध नको, शेवग्याचा पाला, हिरवी भाजी, पिवळा मका हवा. खुराड्यातली विष्ठा ओली राहून अमोनिया झाला तरी डोळे सुजतात. कोंबडीच्या उंचीला वाकून वास घ्या, तुमचे डोळे चुरचुरले की कारण सापडलं. आणि डोळ्यात होणारा एक जंतही आहे, तो झुरळं खाल्ल्यानं येतो.

एवढ्या सगळ्यावर एकच बाटली?

बरं, ती बाटली फक्त त्या कोंबड्याच्या अंगात जाते असंही नाही. लोक सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात पावडर टाकतात. मग ती इतर कोंबड्यांच्या अंड्यात उतरते, आणि ती अंडी आपल्या लेकरांच्या ताटात. घराघरात पडलेली क्लोरॅम्फेनिकॉलची डोळ्यांची कॅप्सूल घ्या. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत हे औषध वापरायला अमेरिकेत आणि युरोपात बंदी आहे, कारण त्याचा अंश काही माणसांच्या रक्तपेशी बनणंच थांबवू शकतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं प्रतिजैविक. आपल्याकडे ते कोंबड्यांच्या खाद्यात घातलं जात होतं, शेवटी २०१९ साली सरकारनं पशुपालनातल्या त्याच्या वापरावर बंदी घातली. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना आपण यावरून शिव्या घालतो. मग पडवीत आपण काय वेगळं करतो?

तिसरं अज्ञान पुवाचं. डोळ्याखाली गाठ आली की लोक अंगठ्यानं दाबतात, पू बाहेर येईल म्हणून. पक्ष्याचा पू माणसासारखा पातळ होत नाही. तो घट्ट होऊन पनीरसारखा गोळा बनतो. दाबून तो निघत नाही, पक्ष्याला नुसता त्रास होतो. तो काढायला भूल, हत्यार आणि शिकलेला हात लागतो.

"पण आमच्या आजीच्या काळी कुठे होते डॉक्टर? ती घरीच करायची ना सगळं!" हा मुद्दा हमखास येतो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. आजी घरीच करायची. पण काय करायची ते सासूबाईंना मी नीट खोदून विचारलं. त्यांची सासू आधी कोंबडी मांडीवर घ्यायची. उजेडात जायची. पापणी वर करून आत बघायची. पदराच्या टोकानं कचरा काढायची, कोमट मिठाच्या पाण्यानं पुसायची, आणि ती कोंबडी दोन दिवस वेगळ्या टोपलीखाली ठेवायची. हळदीचा नंबर त्याच्यानंतर. आपण आजीचं बघणं टाकून दिलं आणि हळद तेवढी उचलली. मी तर हळदीच्या जागी थेंब आणले आणि स्वतःला आधुनिक समजले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. घर ही शुश्रूषेची जागा आहे, अंदाजपंचे औषधाची नाही. आणि शुश्रूषा म्हणजे काही कमी दर्जाचं काम नव्हे. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे डॉक्टर दीड तासावर आहे आणि त्यातही कोंबडा बघणारा विरळा, तिथे पहिले दोन दिवस घरच करणार आहे. "सरळ डॉक्टरकडे जा" हा शहरातला सल्ला इथे अर्धाच उपयोगी पडतो. डॉक्टरांचीही एक बाजू आहे. त्यांच्या शिक्षणात कोंबडी म्हणजे हजारोंचा कळप, आणि कळपात एक आजारी पडला तर तो काढून टाकणं हेच शास्त्र. एका मुलीचा एकुलता एक कोंबडा, असं प्रकरण त्यांच्या पुस्तकात क्वचितच असेल. पण म्हणून समोर आलेल्या बाईला मान वर न करता "कापा की" म्हणायचं? निदान पापणी उलटून बघायला किती वेळ लागतो? आमच्या त्या वयस्कर डॉक्टरांना चार मिनिटं लागली. मी मोजली.

तर त्या पहिल्या दोन दिवसांत मी आता काय करते ते सांगते. कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं, पक्षी वेगळा. स्वच्छ, कोरडी, जरा अंधारी जागा, दाणापाणी तोंडापाशी, कारण दिसत नसलेला पक्षी उपाशी राहतो. मग टॉवेलात सैल गुंडाळून उभाच धरायचा. उताणा करायचा नाही आणि छाती आवळायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास. घाबरून घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरू शकतो. मग उजेडात पापणी हळूच वर करून बघायचं. कोपऱ्यातून सर्रकन येऊन जाणारा पांढुरका पडदा दिसला तर दचकू नका, ती पक्ष्यांची तिसरी पापणी. ती येते आणि जाते. जो पांढरेपणा जात नाही, तो वाईट.

धुवायला औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाईनची बाटली सगळ्यात बरी. मिळालीच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, मोजून. अंदाजे चिमूट नको. भरपूर पाणी सोडून धुवायचं. वरवर दिसणारा कचरा वाहून जातो. रुतलेला काटा आपण ओढायचा नाही. नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं पाच-दहा मिनिटं शेक, दिवसातून दोन-तीन वेळा. हळद नाही, चुना नाही, कांदा नाही, तुरटी नाही. कपाटातले थेंब तर नाहीतच. नंतर साबणानं हात धुवायचे. आणि रोज वहीत दोन ओळी: डोळा कसा, दाणा किती, श्वासाचा आवाज आहे का. डॉक्टरकडे गेलात तर ही वही अर्धं निदान करते.

आणि कधी थांबायचं नाही तेही ठरलेलं असावं. बुबुळ पांढरं दिसलं, रुतलेलं काही दिसलं, डोळ्याखाली टणक गाठ आली, घाण वास किंवा घरघर आली, खाणं सुटलं, किंवा दीड-दोन दिवसांत फरक नाही, तर टोपली उचलायची. दीड तास तर दीड तास.

एक गोष्ट मात्र यापेक्षा वेगळी. एकाच वेळी अनेक पक्षी सुजले, तुरे निळे पडले, किंवा पटापट मरायला लागले, तर घरचे उपचार तिथेच बंद. डोकं आणि पापण्या सुजणं हे बर्ड फ्लूचंही लक्षण आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला उद्रेक झाला, २०२१ साली परभणीजवळच्या मुरुंब्यात पुन्हा. त्या वेळी मेलेले पक्षी हाताळायचे नाहीत, वाटायचे नाहीत, ओढ्यात टाकायचे नाहीत. पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. लोक कळवत नाहीत कारण सगळ्याच कोंबड्या मारतील ही भीती. भीती खरी आहे, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला मी ती सोडून दे म्हणणार नाही. पण कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, आणि झाकलेला रोग तर शेजारच्या वाडीत जाऊन फुटतो.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. सरपंचांना परत आणलं त्या रात्री तिनं विचारलं, "आई, तुझ्या थेंबांनी गेला का त्याचा डोळा?" नवरा मध्येच म्हणाला, "नाही गं, कुसळानं." ते अर्धं खरं होतं. मी तिला उरलेलं अर्धं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती दप्तर टाकून आधी अंगणात गेली आणि त्याच्या पायांना, पिसांना चिकटलेली कुसळं एकेक करून काढत बसली. आता ते तिचं रोजचं काम आहे.

सरपंच मजेत आहेत. डाव्या बाजूनं कुणी गेलं की दचकतात, म्हणून आम्ही सगळे उजवीकडून जातो. पहिले काही दिवस तुळशीवृंदावनाला धडकायचे, आता मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्यानं आधी बघून घेतात आणि मगच पाऊल टाकतात. बांग साडेचारलाच.

कपाटातल्या सगळ्या अर्धवट बाटल्या मी त्याच आठवड्यात काढल्या. अकरा निघाल्या. तुमच्या कपाटात किती आहेत, एकदा बघा तरी.